कोपऱ्यातला आकडा

टोकावडे
३१ जुलै २००६

प्रिय दादा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. आबांचा आवाज तसाच खणखणीत आहे. आईचे गुडघे लावणीच्या दिवसांत दरवर्षी दुखतात तेवढेच दुखताहेत. घरात टेलिफोनचा बूथ असताना बहिणीनं पत्र का लिहावं, असं तुझ्या मनात येणारच. पण फोन आबांच्या उजव्या हाताशी आहे रे. मी तुझ्याशी जे बोलते ते आबा ऐकतात, झेरॉक्सला आलेलं गिऱ्हाईक ऐकतं, माळशेजकडची बस चुकलेली माणसंही ऐकतात. तीन वर्षांत मी तुला एकट्याला अशी एकही गोष्ट सांगितलेली नाही. म्हणून आज दुपारी आबा खत आणायला मुरबाडला गेल्यावर मागच्या खोलीत कॉम्प्युटरच्या मशीनसमोर बसून लिहितेय. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सूचनेचा फुगा आलाय, अकरा दिवस उरले म्हणून. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

नाशिकचं तुला ठाऊक आहे. तंत्रनिकेतनात कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला माझा नंबर लागलाय आणि तीन ऑगस्टपर्यंत मी तिथल्या मुलींच्या वसतिगृहात हजर झाले नाही तर जागा दुसरीला जाईल. हे मी तुला दोनदा फोनवर सांगितलं. पहिल्यांदा तू म्हणालास, बघतो. दुसऱ्यांदा म्हणालास, या महिन्यात सुट्टी नाही, दिवाळीला बोलू, एवढं वर्ष काढ. मी हो म्हटलं, कारण आबा समोर बसून कान खाजवत होते. तो हो खरा धरू नकोस.

तू मशीन आणलंस तो मे महिना आठवतो? मी नुकतीच बारावीचे पेपर देऊन मोकळी झाले होते. शहापूरच्या क्लासमध्ये तू शिकवायचास, तिथे सगळे एकाच सीडीवरून उतरवलेली विंडोज वापरायचे, सीडीवर निळ्या पेनानं नंबरसुद्धा लिहिलेला. तू मात्र हटून बसलास, माझ्या घरी येईल ती ओरिजिनलच येईल. कल्याणहून खोकं आणलंस, कॅबिनेटच्या बाजूला ते चकचकीत लेबल अगदी सरळ रेषेत चिकटवलंस, पंचवीस अक्षर-आकड्यांच्या किल्लीचं. आबांनी तर पाटीच रंगवून घेतली, ‘टेलिफोन, झेरॉक्स व ओरिजिनल संगणक’. अजून येणारेजाणारे विचारतात, बाकीचे डुप्लिकेट असतात का म्हणून.

मग ती विंडोज कंपनीकडून चालू करून घ्यायची होती. इंटरनेट आपल्याकडे तेव्हाही नव्हतं, आताही नाही, म्हणून फोनवरून. पडद्यावरचे चोपन्न आकडे कंपनीला वाचून दाखवायचे, आणि तिकडून सांगतील ते बेचाळीस आकडे, सहा-सहाचे सात गट, मशीनमध्ये टाकायचे. फोन पुढच्या टेबलावर, मशीन मागच्या खोलीत, आणि वायर काही पुरेना. तू आतून आकडे ओरडायचास, मी ते फोनवर सांगायची. मग तिकडची बाई सांगायची, मी ओरडायची, आणि तू टाकायचास. दुकानात जमलेली माणसं मटक्याचे आकडे ऐकावेत तशी कान देऊन उभी होती. शेवटचा गट टाकून तू आतून आरोळी ठोकलीस आणि आबांनी सगळ्यांना चहा पाजला. किती हसलो होतो दादा आपण! त्या दिवशी मला वाटलं होतं, हे मशीन म्हणजे आपल्या दोघांचं काहीतरी आहे.

जूनमध्ये तू पुण्याला गेलास. दोन महिन्यांचं ट्रेनिंग आहे, तेवढे दिवस बस, मी आलो की तू सुट्टी, असं तू एसटीच्या खिडकीतून म्हणालास. मी बसले. सहा महिने तू दर रविवारी फोन करून मला शिकवलंस, एकेक बटण सांगून, आणि मी पुढच्या टेबलापासून मागच्या खोलीपर्यंत पळापळ करून शिकले. त्याबद्दल मी तुझी जन्मभर ऋणी आहे, हे खोटं नाही. पण ते दोन महिने काही संपले नाहीत. रेशनकार्डाचे अर्ज, जातीचे दाखले, बचतगटांच्या याद्या, लग्नपत्रिका, भजनी मंडळाची हँडबिलं. सकाळी आठला शटर वर, रात्री आठला खाली. या तीन वर्षांत मी एक रात्रही घराबाहेर काढलेली नाही. गिरजाच्या लग्नाला वाशिंदला जायचं होतं, त्या दिवशी सोसायटीची यादी आली. माझी बालमैत्रीण ती, तिची पत्रिका मीच छापली आणि तिच्या अक्षता मला टाकता आल्या नाहीत. दिवसभर मी खुर्चीतून घाटाकडे जाणाऱ्या गाड्या बघते. पाट्या वाचून वाचून कुठली गाडी कुठल्या आगाराची हे मला आवाजावरून कळायला लागलंय. नाशिकचा अर्जही याच मशीनवर टाइप केला. दिवसाला दहाजणांचे अर्ज करते, त्यातला एक माझा होता, आबांच्या लक्षातही आलं नाही.

जुलैच्या तीन तारखेला विजेचा दाब अचानक वाढला आणि मशीन गेलं. पंखा ठीक, झेरॉक्स ठीक, फक्त तेच मेलं. जळका वास आला आणि पडदा काळा. तुला खरं सांगू? मला रडू यायला हवं होतं, आणि मी शटर ओढून घेऊन दुपारी चक्क झोपले. तिसऱ्या दिवशी नाशिकचं पत्र आलं. मी ते आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मागच्या खोलीकडे बघितलं आणि म्हणाले, “मशीनच नाय ऱ्हायलं तर तू तरी हितं बसून काय करशील गो? जा. शिक.” असं म्हणाले दादा, माझ्या कानांनी ऐकलंय. आईनं त्याच संध्याकाळी माळ्यावरची पेटी खाली काढली.

आता माझा मूर्खपणा ऐक. चार दिवस मी सुखात होते, आणि पाचव्या दिवशी मला ते मेलेलं मशीन बघवेना. मी इतकी वर्षं ज्याच्यासमोर बसले ते असं झाकून ठेवून जायचं, हे माझ्या जिवावर आलं. शिवाय खुमखुमीही होती. दादा नसताना मी हे उठवून दाखवते, आबांनाही दिसू दे ते कोणाला नाशिकला पाठवताहेत, अशी. कॅबिनेट गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं आणि एसटीनं मुरबाड, मुरबाडहून शहापूर असं रोशनच्या दुकानात गेले. तुझा दोस्त बरा आहे, जाडा झालाय. त्यानं हार्डडिस्क बदलली, मदरबोर्ड बदलला, आणि विंडोज टाकायची वेळ आली तेव्हा ती निळ्या पेनाची सीडी पुढे केली. म्हणाला, “ओरिजिनल कशाला गो, ही टाक. नंबर वरच लिवलेला हाय, नंतर कुनी काय विचारत नाय.” मी म्हटलं नको, आमच्या पाटीवर ओरिजिनल लिहिलंय. तो पोट धरून हसला. कॅबिनेट तसंच घेऊन मी घरी आले, तुझी सीडी काढली, आणि किल्ली वाचायला लेबल बघितलं तर लेबल लाल.

तुला माहीतच नाही ना हे? खंडेनवमीला आबा नांगर, कोयता, तराजू पुजतात, तसं तू गेल्यापासून मशीनही पुजतात. पुढून पांढरंशुभ्र आहे, डाग पडेल म्हणून त्यांनी हळदकुंकवाला बाजूची ती चकचकीत पट्टी निवडली. कोणीतरी मशीनचं कपाळ म्हणूनच ती लावली असणार, असं त्यांना वाटलं. कपाळ फार मोठं म्हणून पाचही बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी आई ओल्या फडक्यानं पुसून काढायची. तीन दसरे झाले. पंचवीसपैकी सहा अक्षरं कुंकवात गेली. मी तुला फोन केला, तुझ्या वहीत किल्ली उतरवलेली आहे म्हणून. तू म्हणालास, वही खोलीवर आहे, संध्याकाळी सांगतो. त्या संध्याकाळी तू फोन केला नाहीस. दुसऱ्याही नाही. मी रागानं रडले आणि मग बॅटरीचा उजेड तिरका पाडून एकेक अक्षर उकलत बसले. चार नीट लागली. दोन लागेनात. एक आठ की बी, आणि एक सहा की जी. चार तऱ्हा होत होत्या, मी चारही करून बघायच्या ठरवल्या, तिसरीला मशीननं किल्ली घेतली. बारा जुलै, बुधवार. पडदा हिरवा-निळा झाला, गाणं वाजलं, आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. पाठीमागे आबा उभे होते. त्यांनी तिथल्या तिथे नारळ फोडला.

रात्री जेवताना ते म्हणाले, “झालं ना सुरू? मंग आता नाशिकला कशाला? मशीन तुज्या हाताला वळलंय. दुसऱ्याला नाय जमायचं ते.” लाडानं म्हणाले रे, ताटात खोबऱ्याची वाटी वाढता वाढता. मी बोलले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. फक्त म्हणत राहिले, “लोकांची कामं खोळंबतील, आमी कुनाच्या तोंडाकडं बघायचं?” आणि कामं खोळंबलेली होतीच. वरच्या वाडीतली भिमी पावसात भिजत दाखल्याच्या अर्जासाठी तिसऱ्यांदा आली, तिला कसं परत पाठवू? मी बसले. घरातून बाहेर जायचं दार मी माझ्या हातानं उघडलं होतं, आणि माझ्याच हातानं लावून घेतलं. आबांवर माझा राग नाही असं मी म्हणणार नाही. खूप राग आहे. तुझ्यावर थोडा जास्त आहे, कारण त्यांना मशीन कळत नाही, तुला सगळंच कळतं.

नवी विंडोज टाकली की ती तीस दिवस नुसतीच चालते, हे तुला सांगायला नको. तेवढ्यात फोन करून ते सात गट टाकले नाहीत तर एकतिसाव्या दिवशी आत घेत नाही. दारातच उभं करते आणि आकडे मागते, काही बिघडत नाही, काही पुसलंही जात नाही. रोज तो फुगा यायचा, सव्वीस दिवस उरले, पंचवीस उरले. मी टाळत होते. गेल्या शुक्रवारी आबा शेतावर होते, दुकानात कोणी नव्हतं, तेव्हा चोपन्न आकडे कागदावर उतरवून पुढे आले आणि फोन लावला. हिंदी बोलणारी एक बाई होती. तिनं विचारलं, हे किती संगणकांवर टाकलंय? मी म्हटलं, एकच आहे बाई, अख्ख्या रस्त्याला एकच आहे. ती हसली. तुमचं नाव काय म्हणाली. प्रेमा म्हटलं. मग ती प्रेमाजी, प्रेमाजी करत एकेक गट सांगत गेली आणि मी भिमीच्या वाया गेलेल्या अर्जामागे लिहीत गेले. टाकून बघा, मी थांबते, असं ती म्हणाली. मी रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि कागद घेऊन आत निघाले.

पुढच्या टेबलापासून मशीनपर्यंत अकरा पावलं आहेत. तुझ्याकडून शिकताना मी ती हजारदा पळत गेलेय. या वेळी मधल्या उंबऱ्यापाशी माझा पाय थांबला. हातातले आकडे टाकले की मशीन कायमचं चालू होणार, आणि आबांना पुन्हा कधीच जा म्हणायचं कारण मिळणार नाही, हे मला तिथे उभं राहून कळलं. मी तशीच मागे फिरले, रिसीव्हर उचलला आणि त्या बाईला सांगितलं, झालं, चालू झालं, थँक्यू. दादा, मी इतकं सरळ खोटं आयुष्यात कधी बोलले नव्हते. तिनं मला पुढच्या कामासाठी शुभेच्छा दिल्या.

आईला आकडे वाचता येतात, तुला माहीत आहे. शनिवारी मशीन पुसता पुसता तिनं विचारलं, “त्या कोपऱ्यातला आकडा रोज एकानं कमी व्हतोय, त्यो काय गो?” मी तिला सगळं सांगितलं. नाशिक, तीन तारीख, सात गट, उंबरा, सगळं. ती फडकं पिळत उभी राहिली. मला वाटलं आबांना सांगेल. मग म्हणाली, “मंग राहू दे. व्हऊ दे कमी.” आणि पेटीत घालायला तिची लग्नातली शाल काढायला गेली. तिच्याजवळ बसून मी हुंदके देऊन रडले, दादा. ती नाही रडली.

म्हणून आता हे नीट वाच. मी बुधवारी, दोन तारखेला, पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघतेय. मुरबाड, शहापूर, आसनगावहून कसारा, आणि पुढे नाशिकची जीप. आई मला स्टँडपर्यंत सोडणार आहे आणि आबांना तीच सांगणार आहे. हे पत्र मी मुरबाडच्या टपालपेटीत टाकेन, म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी वसतिगृहात असेन. हाती घेतलेले सगळे अर्ज मी पुरे केलेत, भिमीचाही. लोकांच्या फायली सीडीवर उतरवून कपाटात ठेवल्यात. अकरा ऑगस्टपर्यंत मशीन चालेल, पण चालवायला कोणी नसेल. त्यानंतर ते दारात उभं करून आकडे मागेल आणि आबा तुला फोन करतील. ते बेचाळीस आकडे मी या पत्राच्या मागच्या पानावर लिहिलेत, दोनदा ताडून बघितलेत. घरात त्यांची नक्कल नाही, भिमीचा तो कागद मी चुलीत घातला. माझ्याकडेही ते नाहीत, ताडताना मी ते मुद्दाम पाठ होऊ दिले नाहीत. आता ते फक्त तुझ्याकडे आहेत. वाटलं तर सुट्टी काढून ये आणि स्वतः टाक. नाहीतर एखाद्या रविवारी फोन लाव, आबांना म्हण रिसीव्हर ठेवा आणि आत जा, आणि मला शिकवलंस तसं त्यांना शिकव, एकेक आकडा सांगून. अकरा पावलं त्यांनाही चालवतील, शेतात ते दिवसभर चालतात. दोन्हीपैकी तुला जमेल ते कर, किंवा काहीच करू नकोस. फक्त त्या खुर्चीसाठी मला परत बोलावू नका.

नाशिकचा पत्ता आईकडे आहे. ती तुला सांगेल की नाही, हे मी तिच्यावर सोडलंय.

तुझ्यावर रागावलेली, आणि तरीही तुझीच,
प्रेमा